पंडिता रमाबाई आणि आपल्या वर्गाची यादी



पुण्याहून राजूरला यायला रेल्वेत बसले की दौंडच्या आधी केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचल्यापासून हे स्टेशन आलं की मी खिडकीबाहेर बघते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाला. पुढे दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास देशभर पायी फिरले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता म्हटलं. नंतर भाऊ गेला. लग्न झालं, पण दोन वर्षांतच पतीही वारले. पदरात मनोरमा ही लहानगी मुलगी होती.

इंग्लंड-अमेरिकेहून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या. सदनात धर्मप्रसार होतो, या आरोपावरून १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणणं होतं. सदन मात्र बंद पडलं नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आपल्याकडून वर्धा नदी ओलांडली की तेव्हा तो प्रांत सुरू व्हायचा. उपाशी, पोरक्या मुली त्यांनी शोधून सोबत आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेच मुक्ती सदन. पुढे तिथल्या मुली-बायकांची संख्या हजारावर गेली. तिथे जेवणाबरोबर शाळा होती, विणकाम होतं, छापखाना होता. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत. शिकलेल्या मुली धाकट्यांना शिकवू लागल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई.

मला त्यांची एक गोष्ट फार मोठी वाटते. पोरकं मूल जगवलं म्हणजे काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. ते शिकलंही पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. आणि मूल दारात येईल म्हणून त्या वाट बघत बसल्या नाहीत, स्वतः शोधायला गेल्या.

आपल्या वर्गात मामाकडे राहून शिकणारी एक मुलगी होती. गणितात माझ्या पुढे असायची. नववीनंतर ती आली नाही. तिचा बाक रिकामा झाला, तेव्हा मी दप्तर ठेवायला जागा मिळाली म्हणून खूश झाले होते. ती का येत नाही, हे विचारायला मी एकदाही तिच्या घरी गेले नाही. मी इंजिनिअर झाले. तिचं काय झालं, मला ठाऊक नाही.

मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून केली आहे. माझी एक विनंती आहे. पाचवीचं हजेरीपुस्तक काढूया. मधेच गळालेली नावं त्यात सापडतील. पत्ते शोधायचं काम मी घेते.