अमळनेरच्या वसतिगृहातली माय : साने गुरुजी



दरवर्षी २४ डिसेंबरला आपण शाळेत साने गुरुजींची जयंती साजरी करतो. फोटोला हार घालतो, चार मुलं भाषणं करतात, आपणही दोन शब्द बोलतो. ११ जूनला पुण्यतिथी येते, पण तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते. मग ती तशीच निघून जाते. 'श्यामची आई' आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण हा श्याम मोठा झाल्यावर आपल्या खानदेशात येऊन काय करत होता, असं कोणी विचारलं तर? खरं सांगतो, काही वर्षांपूर्वीपर्यंत मलाही नीट सांगता आलं नसतं. म्हणून आज त्याच काळाविषयी लिहितो.

गाव कसं होतं?

पिंपळनेरहून साक्री, धुळे करत निघालं की अमळनेरला एका दिवसात जाऊन येता येतं. बोरी नदीच्या काठचं हे गाव. संत सखाराम महाराजांच्या वाडीमुळे वारकऱ्यांना ओळखीचं. कापसाचा पट्टा आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग, त्यामुळे व्यापार वाढला. श्रीमंत प्रताप शेठ यांनी इथे कापडगिरणी उभी केली. गिरणीचा पैसा त्यांनी गावाच्या शिक्षणालाही लावला. १९१६ साली त्यांच्या आश्रयाने अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर सुरू झालं. विचार करा, तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणारी संस्था! पुढे १९४५ साली गावात प्रताप महाविद्यालय आलं. त्याच वर्षी वनस्पती तुपाची एक कंपनीही इथे निघाली आणि तिचीच नंतर विप्रो झाली. छोट्या गावानेही मोठी कामं होतात, ती अशी.

कोकणातला मुलगा खानदेशात

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडला झाला. घराणं खोताचं, पण गुरुजींच्या लहानपणी घरात गरिबी आली होती. शिक्षणासाठी हा मुलगा दापोली, औंध, पुणे असा फिरत राहिला. परक्या गावात राहायचं, हाताने स्वयंपाक करायचा, कधी अर्धपोटी झोपायचं. औंधला प्लेगची साथ आली, तेव्हा तेही गाव सोडावं लागलं. १९१७ साली आई गेली, तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. हे दुःख त्याला जन्मभर पुरलं.

पदवीनंतर ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. १९२४ साली तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. आजूबाजूच्या खेड्यांत तेव्हा हायस्कूल नव्हतं. शिकायचं असेल तर पोराने घर सोडून अमळनेरला यायचं आणि शाळेच्या छात्रालयात राहायचं. या छात्रालयाची जबाबदारी साने सरांकडे आली. एकेकाळी स्वतः घर सोडून शिकलेला मुलगा आता तशाच मुलांचा सांभाळ करणार होता.

छात्रालयातलं काम

आता हे नीट वाचा, कारण आपल्यासारख्या शिक्षकांसाठी खरी गोष्ट इथे आहे.

मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्यांतून फिरायचे. कुणाचं अंथरूण तसंच पडलेलं असेल तर गुंडाळून ठेवायचे. कंदिलाच्या काचा काळ्या झाल्या असतील तर पुसायचे. मळके कपडे दिसले तर धुऊन टाकायचे. मुलगा परत आला की बघायचा, आपलं काम कुणीतरी करून ठेवलंय. रागावणं नाही, शिक्षा नाही. दोन-चार दिवसांत मुलगा लाजून स्वतःच आवरायला लागायचा. कुणी आजारी पडलं तर गुरुजी रात्री उशाशी बसायचे.

मुलांना वाचायला चांगलं काही मिळावं म्हणून ते छात्रालयाचं दैनिक लिहून काढत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. दिवसा शाळा, संध्याकाळी मुलं, रात्री लेखन, असा त्यांचा दिवस होता.

आमच्याकडे आईला माय म्हणतात. घरापासून लांब राहणाऱ्या त्या पोरांना अमळनेरात गुरुजींच्या रूपाने माय भेटली.

सहा वर्षांनंतर

ही नोकरी फक्त सहा वर्षांची. १९३० साली गांधीजींच्या सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी ती सोडली. धुळ्याच्या आणि त्रिचनापल्लीच्या तुरुंगात राहिले. त्रिचनापल्लीला ते तमिळ शिकले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी लिहून घेतली. आज आपण वाचतो ती 'गीता प्रवचने' त्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' अवघ्या पाच दिवसांत लिहिली.

सुटल्यावर ते पुन्हा खानदेशातच राबले. डिसेंबर १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी गावोगाव फिरले. १९३८ साली अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं. शेतकऱ्यांसाठी आणि गिरणी कामगारांसाठी झगडले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी १ ते १० मे असं उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं.

११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. ही गोष्ट आपण मुलांपुढे टाळतो. लहान मुलांना सांगू नये हे बरोबर. पण मोठ्या मुलांनी विचारलं तर खोटं सांगू नका. गांधीहत्येने आणि आजूबाजूच्या परिस्थितीने ते फार खचले होते, हे सांगा. आणि हेही सांगा की मन खचलं तर एकट्याने सोसायचं नसतं, जवळच्या माणसाला सांगायचं असतं. सगळ्यांच्या उशाशी बसणाऱ्या या माणसाच्या उशाशी शेवटी कुणी नव्हतं, ही रुखरुख मला नेहमी वाटते.

माझी एक चूक

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. डोंगरातल्या पाड्यावरचा. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, म्हणून तो वसतिगृहात राहायचा. वर्गात रोज झोपायचा. मी त्याला दोनदा उभं केलं, एकदा सगळ्यांसमोर बोललो. पंधरा दिवसांनी वही तपासताना त्याचे हात दिसले. बोटांच्या बेचक्यात खरूज झालेली. खाजेने बिचाऱ्याला रात्रभर झोप नव्हती. ते हात रोज माझ्यासमोर होते, मी फक्त वही बघत होतो.

दवाखान्यातून मलम आणलं, आठ-दहा दिवसांत तो बरा झाला आणि वर्गात जागा राहू लागला. पण त्यानंतर मी गुरुजींची छात्रालयातली वर्षं वाचली, तेव्हा मान खाली गेली. त्यांच्याकडे पैसा नव्हता, सोयी नव्हत्या. मुलाकडे बघायची नजर मात्र होती, कारण ते स्वतः तसेच दिवस काढून आले होते.

तेव्हापासून मी सकाळची पहिली दहा मिनिटं शिकवत नाही. कोण जेवून आलं, कोण झोपलं नाही, कुणाच्या घरचे बाहेरगावी आहेत, एवढंच बघतो. अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती वाटली होती. तसा तो पडला नाही.

पालकहो, तुमचं मूल वसतिगृहात असेल तर भेटायला गेल्यावर मार्क नंतर विचारा. आधी हात बघा, पाय बघा, झोप लागते का विचारा.

वर्गात घेण्यासाठी

१. नकाशात पालगड, अमळनेर, धुळे, नाशिक, पंढरपूर ही ठिकाणं मुलांना शोधायला लावा.
२. मुलांनी आठवडाभर कुणालाही न सांगता दुसऱ्याचं एक काम करावं. शनिवारी त्यावर गप्पा घ्या.
३. आपल्या गावासाठी कुणी काय करून ठेवलं, हे आजी-आजोबांना विचारून पाच वाक्यं लिहायला सांगा.

१५ जूनला शाळा उघडेल तेव्हा ११ तारीख नुकतीच होऊन गेलेली असेल. या वर्षी पहिल्या दिवशी हार-फुलांऐवजी वर्गातल्या प्रत्येक मुलाचे हात एकदा हातात घेऊन बघूया.