रूझवेल्ट आणि निवडणुकीचा पैसा

निवडणुकीला पैसा लागतो हे कोणी नाकारीत नाही. वाद असतो तो हा पैसा कोणाच्या खिशातून यावा आणि त्याचा हिशेब कोणी कोणाला द्यावा, याविषयी. अमेरिकेत हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि त्याच्या उगमाकडे जाऊ लागले की थिओडोर रूझवेल्ट या नावापाशी थांबावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे हे दूरचे आप्त. १९०१ ते १९०९ या काळात ते अमेरिकेचे अध्यक्ष होते. मक्तेदार कंपन्यांना वेसण घालणारा, अरण्यांचे रक्षण करणारा, शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी अशी त्यांची ख्याती आहे. परंतु कंपन्यांच्या पैशाचा लाभ घेऊन निवडून आलेला आणि पुढे तोच पैसा कायद्याने बंद करू पाहणारा अध्यक्ष, ही त्यांची ओळख तितकीच महत्त्वाची आहे. निवडणूक सुधारणेचा विचार करणाऱ्यास तर तीच अधिक उद्बोधक ठरावी.

वडिलांचा पराभव

रूझवेल्ट यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्क शहरातील एका सधन घराण्यात झाला. राजकारणातील पैशाची पहिली झळ त्यांना विद्यार्थिदशेतच लागली. त्या काळी न्यूयॉर्क बंदराचे जकात कार्यालय म्हणजे रिपब्लिकन पक्षाचे कुरणच होते. तेथील नोकऱ्या पक्षाच्या वशिल्याने मिळत आणि ज्यांना त्या मिळत त्यांनी पगारातील काही हिस्सा पक्षनिधीत भरावा, असा दंडक होता. १८७७ मध्ये अध्यक्ष हेज यांनी या कार्यालयाची साफसफाई करण्याच्या हेतूने जकात प्रमुखाच्या पदासाठी रूझवेल्ट यांच्या वडिलांचे नाव सुचविले. पण न्यूयॉर्कचे सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग यांची सारी पक्षयंत्रणा या कार्यालयावर पोसली जात होती. त्यांनी सिनेटमध्ये ही नेमणूक हाणून पाडली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी १८७८ मध्ये वडील निवर्तले. हार्वर्डमध्ये शिकणारा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

पुढे १८८१ मध्ये सरकारी पद न मिळाल्याने चिडलेल्या एका इसमाने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली. त्यांच्या मृत्यूनंतर अध्यक्षपदी आले ते चेस्टर आर्थर; म्हणजे ज्या जकात प्रमुखाला दूर करून रूझवेल्ट यांच्या वडिलांना नेमावयाचे होते, तेच गृहस्थ! तथापि १८८३ चा नागरी सेवा कायदा याच आर्थर यांच्या सहीने अमलात आला. काही सरकारी नोकऱ्या परीक्षा घेऊन भरल्या जाव्यात आणि सरकारी नोकरांनी एकमेकांकडून पक्षासाठी वर्गणी उकळू नये, अशी तरतूद त्यात होती.

या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या नागरी सेवा आयोगावर १८८९ मध्ये रूझवेल्ट यांची नेमणूक झाली. १८९१ मध्ये बाल्टिमोर येथील टपाल कार्यालयाचे कर्मचारी पक्षांतर्गत निवडणुकीसाठी पैसे गोळा करीत असल्याचे कळताच ते जातीने तेथे गेले, साक्षी घेतल्या आणि पंचवीस कर्मचाऱ्यांना काढून टाकावे अशी शिफारस केली. टपालमंत्री जॉन वॉनामेकर यांनी ती मानली नाही. अध्यक्ष हॅरिसन यांच्या निवडणुकीसाठी मोठा निधी जमविणारे धनाढ्य व्यापारी ते हेच. कायदा असला तरी तो ज्यांच्या हाती असतो ते कोणाचे उपकृत आहेत, यावर त्याचे भवितव्य ठरते, हा धडा रूझवेल्ट यांना येथे मिळाला.

कारकुनाच्या पगाराकडून कंपनीच्या तिजोरीकडे

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पुढच्या घटनांचे नवल वाटू नये. कारकुनाच्या पगारातून येणारा ओघ आटू लागला. पण पक्षांची गरज कमी झाली नाही. तेव्हा तो ओघ दुसरीकडून आला. रेल्वे, तेल, पोलाद आणि विमा या क्षेत्रांत त्याच सुमारास प्रचंड कंपन्या उभ्या राहत होत्या आणि जकातीचे दर, चलन, रेल्वेचे भाडे यांसंबंधीच्या सरकारी निर्णयांवर त्यांचा नफा अवलंबून होता. १८९६ मध्ये विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी चांदीच्या चलनाचा पुरस्कार करताच सावकारी वर्ग हादरला. या भीतीचा लाभ घेऊन रिपब्लिकन पक्षाचे सूत्रधार मार्क हॅना यांनी मॅकिन्ली यांच्यासाठी वर्गणीची पद्धतशीर आकारणीच सुरू केली. बँकांनी आपल्या भांडवलाच्या पाव टक्का रक्कम द्यावी, असा त्यांचा दर होता. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलने अडीच लाख डॉलर दिले. अधिकृत हिशेबाप्रमाणे पक्षाकडे सुमारे पस्तीस लाख डॉलर जमले. ब्रायन यांच्याकडे त्याचा पाचवा हिस्सा जेमतेम होता. पूर्वी पक्ष नोकरदारांकडून कर घेई, आता तो उद्योगांकडून घेऊ लागला, एवढाच काय तो फरक.

१८९८ मध्ये रूझवेल्ट न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. रस्त्यांवर ट्रॅम चालविण्याचे, गॅस पुरविण्याचे सार्वजनिक हक्क भोगणाऱ्या कंपन्यांवर त्यांनी कर बसविला. पक्षाचे सूत्रधार थॉमस प्लॅट यांचा निधी याच कंपन्यांकडून येत असल्याने ते संतापले आणि ही ब्याद राज्यातून जावी म्हणून त्यांनी १९०० मध्ये रूझवेल्ट यांना उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीकडे ढकलले. सप्टेंबर १९०१ मध्ये मॅकिन्ली मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडले आणि बेचाळीस वर्षांचे रूझवेल्ट अध्यक्ष झाले.

१९०४ चा डाग

मॉर्गन, हिल आणि हॅरिमन यांच्या रेल्वे एकत्रीकरणाविरुद्ध, म्हणजे नॉर्दर्न सिक्युरिटीज कंपनीविरुद्ध, त्यांनी खटला भरला आणि मार्च १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. मात्र त्याच वर्षी त्यांना स्वतःच्या बळावर निवडून यावयाचे होते. पक्षाच्या अध्यक्षपदी त्यांनी जॉर्ज कॉर्टेल्यू यांना आणले. कंपन्यांच्या कारभाराची चौकशी करणारा विभाग ज्या वाणिज्य व श्रम खात्याकडे होता, त्या खात्याचे हे कालपर्यंतचे मंत्री. ज्याच्या हाती कंपन्यांची गुपिते होती तोच आता त्यांच्यापुढे वर्गणीची पावती घेऊन उभा राहिला. डेमोक्रॅटिक उमेदवार अल्टन पार्कर यांनी नेमक्या याच मुद्द्यावर जाहीर आरोप केला. रूझवेल्ट यांनी मतदानाच्या काही दिवस आधी त्याचा त्वेषाने इन्कार केला आणि १४० विरुद्ध ३३६ मतदारमंडळ-मतांनी ते विजयी झाले.

सत्य हळूहळू बाहेर आले. १९०५ मध्ये न्यूयॉर्क विधिमंडळाच्या समितीपुढे चार्ल्स इव्हान्स ह्यूज या वकिलाने विमा कंपन्यांच्या चालकांची उलटतपासणी सुरू केली. बड्या विमा कंपन्यांनी १८९६ पासूनच्या तिन्ही निवडणुकांत रिपब्लिकन पक्षाला पैसा पुरविला होता, हे त्यातून निष्पन्न झाले. हा पैसा चालकांचा नव्हता. आपल्या पश्चात बायकामुलांची सोय व्हावी म्हणून पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरणाऱ्या शिक्षकांचा, कारकुनांचा, शेतकऱ्यांचा तो पैसा होता. ज्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाला मत दिले, त्यांचाही पैसा त्यांना न विचारता रिपब्लिकन पक्षाकडे गेला होता. कंपन्यांच्या देणग्यांवरील सर्वांत मूलगामी आक्षेप हाच आहे. मालक एक आणि दाता दुसरा, असा हा व्यवहार असतो.

पुढील चौकशांत दिसून आले की, रूझवेल्ट यांच्या वीस लाख डॉलरहून थोड्या अधिक निधीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम कंपन्यांची होती. मॉर्गन यांनी दीड लाख दिले होते. स्टँडर्ड ऑइलची देणगी परत करावी, असे रूझवेल्ट यांनी कॉर्टेल्यू यांना लेखी कळविले होते, पण ती परत गेलीच नव्हती. या पैशाने रूझवेल्ट विकले गेले, असे मात्र म्हणता येणार नाही. १९०६ मध्ये त्यांनी रेल्वेच्या दरांवर सरकारी नियंत्रण आणणारा कायदा करविला आणि त्याच वर्षी स्टँडर्ड ऑइलवर खटला भरला. देणगीदारांना अपेक्षित मोबदला मिळाला नाही. तरीही प्रश्न शिल्लक राहतोच. अध्यक्ष प्रामाणिक आहे हे मतदाराने कशाच्या आधारावर मानावे? रूझवेल्ट यांच्याकडे याचे उत्तर स्वतःच्या चारित्र्याखेरीज दुसरे नव्हते.

दात नसलेला कायदा

डिसेंबर १९०५ च्या संदेशात त्यांनी काँग्रेसला कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर सरसकट बंदी घालण्याचे आवाहन केले आणि २६ जानेवारी १९०७ रोजी तसा कायदा झाला. तो ओळखला जातो सिनेटर बेंजामिन टिलमन यांच्या नावाने. साउथ कॅरोलायनाचे हे डेमोक्रॅट रूझवेल्ट यांचे हाडवैरी होते आणि आपल्या राज्यातील कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क हिरावून घेण्यात त्यांनीच पुढाकार घेतला होता. निवडणूक शुद्ध करणाऱ्या कायद्यावर मताधिकार बुडविणाऱ्याचे नाव असावे, हा इतिहासाचा क्रूर विनोद होय.

कंपनीला पाच हजार डॉलरपर्यंत दंड, तर चालकांना एक हजार डॉलरपर्यंत दंड व एक वर्षापर्यंत कैद अशी शिक्षा कायद्याने सांगितली. पण हिशेब कोठे सादर करावयाचे, ते कोणी तपासावयाचे, याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. शिवाय कंपनीच्या चालकाने स्वतःच्या नावाने कितीही रक्कम देण्यास मुभा होती. ही उणीव रूझवेल्ट यांनाही जाणवली असावी. कारण डिसेंबर १९०७ मध्ये त्यांनी फार पुढचा विचार मांडला. प्रमुख पक्षांच्या निवडणूक खर्चासाठी सरकारी तिजोरीतून पुरेशी रक्कम द्यावी, आणि ती घेणाऱ्या पक्षाने कोणाकडूनही ठराविक मर्यादेपलीकडे देणगी घेऊ नये व सर्व देणग्या जाहीर कराव्यात, अशी ही योजना होती. एक ओघ अडविला की दुसरा फुटतो. तेव्हा गरजच दुसऱ्या मार्गाने भागवावी, हे त्यामागचे तर्कशास्त्र निर्दोष होते. काँग्रेसने या सूचनेकडे ढुंकूनही पाहिले नाही.

१९१२ मध्ये नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचे उमेदवार म्हणून ते पुन्हा उभे राहिले. देणग्यांवर मर्यादा, हिशेबांची जाहीर प्रसिद्धी, सिनेटरांची थेट लोकांकडून निवड आणि स्त्रियांना मताधिकार ही या पक्षाच्या जाहीरनाम्यातील कलमे होती. मात्र या पक्षाचा मोठा आर्थिक आधार होता मॉर्गन यांचे माजी भागीदार जॉर्ज पर्किन्स यांचा. १९०४ मध्ये विमा कंपनीचा पैसा पक्षाकडे पोहोचविणारे ते हेच. त्याच ऑक्टोबरमध्ये सिनेटच्या समितीपुढे जुन्या देणग्यांविषयी साक्ष देण्याची पाळी रूझवेल्ट यांच्यावर आली. मतदारमंडळाची ८८ मते मिळवून ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले आणि ६ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या योजनेला मूर्त रूप येण्यास वॉटरगेटचे प्रकरण घडावे लागले. १९७४ च्या कायद्याने निवडणूक खर्चाच्या देखरेखीसाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला आणि १९७६ मध्ये अध्यक्षीय निवडणूक प्रथमच सरकारी निधीतून लढविली गेली. परंतु २००८ मध्ये बराक ओबामा यांनी तो निधी नाकारला आणि २०१२ पासून दोन्ही प्रमुख पक्षांच्या उमेदवारांनी सर्वसाधारण निवडणुकीसाठी तो घेतलेला नाही. बाहेर त्याहून कितीतरी अधिक पैसा मिळू लागला, हेच त्याचे कारण. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्यांना उमेदवारापासून स्वतंत्र राहून हवा तेवढा प्रचारखर्च करण्याची मोकळीक दिली. थेट देणगीवरील १९०७ ची बंदी आजही उभी आहे. पण शेजारची भिंत पाडल्यावर दाराला कुलूप असून उपयोग काय?

रूझवेल्ट यांच्या चरित्रातून दांभिकता तेवढी वेचून काढणे सोपे आहे. पण त्यांनी निदान आपल्या विजयावरचा डाग ओळखला आणि स्वतःला लाभदायक ठरलेली वाट पुढच्यांसाठी बंद करू पाहिली. सत्तेवर असताना असे करणारे राज्यकर्ते फार नसतात. त्यांचे चुकले ते अन्यत्र. आपला हात स्वच्छ आहे, तेव्हा त्यात कोणाचा पैसा आला याने काही बिघडत नाही, असे त्यांनी दीर्घकाळ मानले. विम्याचा हप्ता भरणाऱ्या सामान्य माणसाला अध्यक्षाच्या मनात डोकावता येत नाही. त्याला पाहता येते ती हिशेबाची वही. आणि तीसुद्धा मतदानापूर्वी त्याच्यापुढे उघडी ठेवली, तरच.