रॉबर्ट बॉश : कडाक्याच्या थंडीत डिझेल ट्रक सुरू होतो, त्यामागचा माणूस

पहाटेची कडाक्याची थंडी. ड्रायव्हर किल्ली फिरवतो, पण ट्रक लगेच सुरू होत नाही. डॅशबोर्डवरचा छोटा पिवळा दिवा विझेपर्यंत तो थांबतो, मग सेल्फ मारतो. इंजिन दोन-चार वेळा जड आवाज करतं आणि धडधडू लागतं. या काही सेकंदांत जे भाग कामाला लागतात, त्यांतल्या बऱ्याच भागांच्या इतिहासात एक नाव पुन्हा पुन्हा येतं, ते म्हणजे रॉबर्ट बॉश.

खानावळवाल्याचा मुलगा

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावात झाला. बारा भावंडांत त्यांचा नंबर अकरावा. वडिलांची शेती होती आणि प्रवाशांसाठी खानावळही होती. शाळा संपल्यावर रॉबर्ट बारीक यंत्रकाम शिकले. पुढे काही काळ ते अमेरिकेत एडिसन यांच्या कारखान्यात आणि इंग्लंडमध्ये सीमेन्समध्ये राबले. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी, वयाच्या पंचविशीत, त्यांनी श्टुटगार्टमध्ये स्वतःचं छोटं वर्कशॉप उघडलं. सोबतीला एक कारागीर आणि एक हरकाम्या पोरगा, एवढीच माणसं.

सुरुवातीची वर्षं ओढाताणीची होती. टेलिफोन, विजेच्या घंटा, जे काम मिळेल ते ते करत. १८८७ मध्ये एका ग्राहकाच्या मागणीवरून त्यांनी एका स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र. १८९७ मध्ये तो वेगवान मोटार इंजिनाला बसवण्यात यश आलं. १९०२ मध्ये त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग तयार केला. मग मात्र मागणी जगभरातून येऊ लागली.

हँडल गेलं, स्टार्टर आला

त्या काळी गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोडायचा. १९१२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला. बॉश यांच्या कंपनीने १९१३ मध्ये डायनॅमो, बॅटरी आणि हेडलाइट असा दिव्यांचा पूर्ण संच आणला आणि १९१४ पासून स्टार्टरही बनवायला घेतले. वीज बनवणं, साठवणं आणि गरजेला वापरणं, ही आजच्या ट्रकमधली साखळी तेव्हाच जुळत होती.

ठिणगी न लागणारं इंजिन

गंमत बघा. बॉश यांचा धंदा ठिणगीवर उभा होता आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. त्यात हवा इतकी दाबली जाते की तिचं आकारमान साधारण पंधराव्या ते विसाव्या हिश्श्यावर येतं. दाबामुळे ती प्रचंड तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण हे डिझेल नेमक्या क्षणी, नेमक्या मापात फवारायचं कसं? जुन्या डिझेल इंजिनांना त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागायचा, म्हणून ती कारखान्यांत आणि जहाजांवरच शोभायची.

१९२२ मध्ये बॉश यांनी डिझेलचा पंप बनवायचं ठरवलं. पंपाच्या दट्ट्या आणि नळकांड्यामधली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकीच ठेवावी लागते. मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन १९२७ मध्ये सुरू झालं आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये बसवणं सोपं झालं.

मग थंडीत अडचण कुठे येते?

थंडी तीन बाजूंनी अडवते. एक, सिलिंडरच्या गार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. दोन, इंजिन ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तीन, नेमक्या त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ अंशांच्या आसपास शिसे-आम्ल बॅटरी नेहमीच्या जवळपास निम्मीच ताकद देते. इंजिन हळू फिरलं की हवेला गार व्हायला आणखी वेळ मिळतो आणि डिझेल पेटत नाही.

म्हणून लहान डिझेल इंजिनांत ग्लो प्लग, तर बऱ्याच मोठ्या ट्रकमध्ये आत येणारी हवा तापवणारा हिटर असतो. तो पिवळा दिवा याच तापण्याचा असतो. अवजड ट्रकमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट घेतात, कारण तेवढ्याच ताकदीसाठी निम्मा विद्युतप्रवाह पुरतो आणि केबलमध्ये वीज कमी वाया जाते. गंजलेलं किंवा सैल टर्मिनल एरवी खपून जातं, थंडीत मात्र तेच दगा देतं.

मालक आणि माणूस

बॉश यांनी १९०६ मध्ये आपल्या कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. इतर कारखानदार त्यांना ‘लाल बॉश’ म्हणून हिणवत. तरीही १९१३ मध्ये त्यांच्याच कारखान्यात मोठा संप झाला आणि तो त्यांच्या जिव्हारी लागला. पहिल्या महायुद्धात झालेल्या नफ्यातून त्यांनी सुमारे २ कोटी मार्क लोकोपयोगी कामांना दिले. ज्याने वारसा चालवावा, तो मुलगा १९२१ मध्ये दीर्घ आजाराने गेला. १९४० मध्ये श्टुटगार्टमध्ये त्यांनी उभारलेलं रुग्णालय सुरू झालं.

शेवटचा काळ मात्र गुंतागुंतीचा होता. हिटलरच्या राजवटीला त्यांचा विरोध होता. त्यांनी काही ज्यूंना मदत केली आणि हिटलरविरोधी नेते कार्ल ग्योर्डेलर यांना कंपनीत सल्लागार म्हणून आसरा दिला. ग्योर्डेलर यांना १९४५ मध्ये देहदंड झाला. पण त्याच काळात बॉश यांची कंपनी युद्धसामग्री बनवत होती आणि तिथे हजारो लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं गेलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीने दुसरी पुसली जात नाही.

१२ मार्च १९४२ रोजी बॉश यांचं निधन झालं. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामात काढली. आज कंपनीची नव्वद टक्क्यांहून जास्त मालकी त्यांच्या नावाच्या सेवाभावी संस्थेकडे आहे.

नाशिककरांना हे नाव दूरचं वाटणार नाही. बॉशशी जोडलेल्या ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’चा, म्हणजे मायकोचा, कारखाना तिथे उभा राहिला आणि मायको सर्कल ही शहराची ओळख झाली. पुढच्या वेळी त्या चौकातून एखादा ट्रक धडधडत गेला, तर श्टुटगार्टमधलं ते तीन माणसांचं वर्कशॉप नक्की आठवा.