कोळ्यांना ओळख देणारा शास्त्रज्ञ

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की पहिली संक्रांत येते ती कोळ्यावर. जळमटांबरोबर तो केरात जातो आणि उरलेले काम कीटकनाशकाची फवारणी करते. पालघरजवळचे कोळगाव असो वा बोईसर-तारापूरच्या वसाहती, चित्र सारखेच. या उपेक्षित जिवाची भारतात शास्त्रशुद्ध नोंद करणाऱ्यांमध्ये रेजिनाल्ड इन्स पोकॉक यांचे नाव अग्रभागी आहे.

पोकॉक यांचा जन्म ४ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील क्लिफ्टन येथे झाला. १८८५ मध्ये ते लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात रुजू झाले. कोळी, विंचू, गोम यांचा संग्रह त्यांच्याकडे सोपविण्यात आला. भारतातून आलेले नमुने पारखून त्यांनी १९०० मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतील कोळी-विंचवांवरील खंड सिद्ध केला. विंचवाच्या एका जातीला त्यांनी साताऱ्याचे नाव दिले. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या एका देखण्या, केसाळ कोळ्याचे वर्णन त्यांनी त्याआधी, १८९९ मध्येच केले होते.

कोळ्याला भक्ष्य चावून गिळता येत नाही. विषदंताने ते निपचित केल्यावर तो त्यावर पाचकरस सोडतो आणि विरघळलेला अंश शोषून घेतो. काही कोळी जाळ्यात माश्या-डास पकडतात; काही जाळे न विणता रात्री भिंतीवर झुरळांची शिकार करतात. जगभरातील कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात, असा अंदाज २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला.

१९०४ ते १९२३ या काळात पोकॉक लंडन प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक होते. कोणता प्राणी कोणता कीटक खातो आणि कोणता नाकारतो, याचे प्रयोग त्यांनी तेथे केले. १९११ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. कोल्हापुरात १९१० मध्ये बिबट्या व सिंहीण यांच्या संकरातून जन्मलेल्या बछड्याचे कातडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी त्यांच्याकडे धाडले. १९१२ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. निवृत्तीनंतरही ते संग्रहालयात काम करीत राहिले. भारतीय सस्तन प्राण्यांवरील त्यांचे खंड १९३९ व १९४१ मध्ये निघाले, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. ९ ऑगस्ट १९४७ रोजी, भारत स्वतंत्र होण्यास सहा दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.

एकटा कोळी घरातील झुरळे संपवील, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्यासाठी खरकटे झाकणे, ओल हटविणे आणि फटी बुजविणे यांना पर्याय नाही. परंतु घरात दिसणारे बहुतेक कोळी माणसाला निरुपद्रवी असतात आणि फवारणीला शत्रू-मित्र हा भेद कळत नाही. पोकॉक यांनी मात्र जिवाजिवांतील भेद ओळखण्यातच हयात घालविली.