विजय मर्चंट : मैदानी क्रिकेटला शिडी देणारा फलंदाज

जिंतूर : पावसाळा सुरू झाला की राज्यातील बहुतेक गावांत क्रिकेटचे साहित्य माळ्यावर जाते. मुंबईत मात्र गेली अनेक दशके याच चिखलात क्रिकेटची एक आगळी शाळा भरत आली. ही शाळा म्हणजे डॉ. एच. डी. कांगा स्मृती क्रिकेट लीग. १९४८ साली सुरू झालेल्या या स्पर्धेमागची कल्पना विजय मर्चंट यांची. डॉन ब्रॅडमननंतर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ज्याची सरासरी सर्वाधिक, असा फलंदाज म्हणून मर्चंट यांचे नाव अभ्यासकांच्या ओठावर असते. पण छोट्या क्लबांना वर चढण्याची वाट करून देणारा संघटक ही त्यांची दुसरी ओळख तुलनेने उपेक्षित राहिली.

विजय मर्चंट यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९११ रोजी मुंबईत एका सधन गुजराती कुटुंबात झाला. घराण्याचे आडनाव ठाकरसी आणि व्यवसाय कापड गिरण्यांचा. शाळेत शिक्षिकेने नाव व घरचा व्यवसाय विचारला, तेव्हा व्यवसायाचे नावच आडनाव म्हणून पटावर चढले आणि ते आयुष्यभर चिकटले, अशी कथा सांगितली जाते. सिडनहॅम महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांच्या फलंदाजीचा बोलबाला झाला. उंची बेताची, पण पायांची हालचाल चपळ आणि चेंडू अगदी अखेरच्या क्षणी खेळण्याची हातोटी विलक्षण. लेट कट हा त्यांचा हुकमी फटका मानला जाई. धाकटे बंधू उदय मर्चंट हेही मुंबईकडून खेळले.

त्या काळी मुंबईत क्रिकेटची सर्वांत मोठी जत्रा धर्माच्या पायावर भरत असे. १८९२ मध्ये युरोपियन आणि पारशी यांच्या प्रेसिडेन्सी सामन्यांपासून तिचा प्रारंभ झाला. १९०७ मध्ये हिंदू संघ आल्याने स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघाच्या प्रवेशाने चौरंगी आणि १९३७ मध्ये 'द रेस्ट' या पाचव्या संघामुळे पंचरंगी. मर्चंट हे हिंदू संघाचा आधारस्तंभ होते. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात त्यांनी नाबाद २५० धावा केल्या. त्याच सामन्यात 'द रेस्ट'कडून विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या. त्याच मोसमात मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध रणजी सामन्यात नाबाद ३५९ धावांची खेळी केली. दोन विजयांमधील ही चुरस तेव्हाच्या प्रेक्षकांना वेड लावणारी होती.

खेळाबाहेरच्या घडामोडींपासून मर्चंट अलिप्त राहिले नाहीत. १९३२ साली भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला, तेव्हा महात्मा गांधींसह देशाचे नेते तुरुंगात होते. अशा वेळी इंग्लंडला जाणे त्यांना रुचले नाही आणि वयाच्या विसाव्या वर्षी समोर आलेली संधी त्यांनी सोडली. एल. पी. जय यांनीही हाच मार्ग पत्करला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबई जिमखान्यावर डग्लस जार्डिनच्या इंग्लंड संघाविरुद्ध मर्चंट यांनी कसोटी पदार्पण केले.

त्यांची कसोटी कारकीर्द १८ वर्षे पसरलेली असली तरी सामने मिळाले अवघे दहा. दुसऱ्या महायुद्धाने उमेदीची वर्षे गिळली आणि आजारपणाने उरलेल्यांपैकी काही. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी कर्णधार म्हणून निवड होऊनही प्रकृतीमुळे त्यांना माघार घ्यावी लागली आणि नेतृत्व लाला अमरनाथ यांच्याकडे गेले. तरीही दहा कसोटींत ८५९ धावा, तीन शतके आणि ४७.७२ ची सरासरी ही त्यांच्या दर्जाची साक्ष आहे. प्रथम श्रेणीत त्यांची सरासरी ७१.६४ आणि रणजी स्पर्धेत ९८.७५ इतकी होती. १९३६ मध्ये मँचेस्टर कसोटीत मुश्ताक अली यांच्यासह त्यांनी सलामीला २०३ धावांची भागीदारी रचली. १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी १५४ धावा केल्या. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांद्याला दुखापत झाली आणि हाच त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला.

ओल्या खेळपट्टीचा धडा

मर्चंट यांच्या संघटनकार्याची पार्श्वभूमी समजण्यासाठी १९४६ चा इंग्लंड दौरा पाहावा लागतो. त्या वर्षीचा इंग्लिश उन्हाळा पावसाने भिजलेला होता. खेळपट्ट्या झाकण्याची पद्धत आजच्यासारखी नव्हती. ओलाव्यामुळे चेंडू हवेत वळे, टप्पा पडल्यावर कधी थांबून येई, तर कधी अनपेक्षित उसळी घेई. पाटा खेळपट्ट्यांवर वाढलेले भारतीय फलंदाज चाचपडत असताना उपकर्णधार मर्चंट यांनी दौऱ्यात ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. ओव्हल कसोटीत त्यांनी १२८ धावा काढल्या. ही खेळी संपली तीही फुटबॉलच्या कौशल्याने. आर्सेनलकडून फुटबॉल खेळणाऱ्या डेनिस कॉम्प्टनने चेंडू पायाने यष्ट्यांवर मारून त्यांना धावबाद केले.

असा अनुभव नव्या खेळाडूंना मायदेशातच मिळाला पाहिजे, हा विचार कांगा लीगच्या मुळाशी होता. मुंबईचा मुसळधार पाऊस आणि उघडी खेळपट्टी यांतून इंग्लंडसारखी परिस्थिती आपोआप निर्माण होते. मग पावसाळ्यात क्रिकेट बंद का ठेवायचे, असा हा साधा हिशेब होता. स्पर्धेला नाव देण्यात आले ते डॉ. होरमसजी कांगा यांचे. पेशाने डॉक्टर असलेले कांगा पारशी संघाचे नामवंत फलंदाज होते. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघात त्यांचा समावेश होता. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि तीन वर्षांनी त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही लीग उभी राहिली.

तथापि, या लीगचे खरे वैशिष्ट्य पावसापेक्षा तिच्या रचनेत दडलेले आहे. कालांतराने स्पर्धा 'ए' पासून 'जी' पर्यंत सात गटांत विभागली गेली. गटात तळाला राहणारे संघ खालच्या गटात उतरतात आणि वरच्या क्रमांकाचे संघ बढती मिळवतात. त्यामुळे 'जी' गटातील एखाद्या गल्लीतल्या क्लबलाही, खेळ चांगला असेल तर, वर्षागणिक एकेक पायरी चढत 'ए' गटातील मातब्बरांसमोर उभे राहता येते. 'ए' गटात दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातील झुंज पाहायला पावसातही गर्दी लोटे. दादर युनियनकडे माधव मंत्री, वासू परांजपे आणि पुढे सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर. तर शिवाजी पार्ककडे अजित वाडेकर आणि पद्माकर शिवलकर. दुसरीकडे, सचिन तेंडुलकरने १९८४ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, जॉन ब्राइट क्रिकेट क्लबकडून याच लीगमध्ये पाऊल ठेवले.

ही रचना त्या काळाच्या मानाने पुढची होती. पंचरंगी स्पर्धा बाद पद्धतीची होती. रणजी स्पर्धाही १९५६-५७ पर्यंत बाद पद्धतीनेच चाले. बाद पद्धतीत एक दिवस वाईट गेला की वर्षाचा खेळ संपतो. साखळीत मात्र पराभवानंतरही पुढचा रविवार उरतो. नवोदित खेळाडू चुकतो, शिकतो आणि पुन्हा उतरतो. शिवाय धर्मावर आधारलेली पंचरंगी १९४६ मध्ये इतिहासजमा झाल्यावर दोनच वर्षांत सुरू झालेल्या या लीगमध्ये संघाचे स्थान ठरवणारी कसोटी एकच होती, ती म्हणजे गुणतक्ता. ज्या मर्चंट यांनी हिंदू संघाकडून कीर्ती मिळवली, त्यांच्याच कल्पनेतून अशी स्पर्धा यावी, याला वेगळा अर्थ आहे.

या लीगच्या काळातच मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला. या यशाचे श्रेय एकट्या कांगा लीगला देता येणार नाही. शालेय स्पर्धा, टाइम्स शील्डसारख्या कार्यालयीन स्पर्धा आणि प्रशिक्षकांची परंपरा यांचाही त्यात वाटा आहे. पण वाढलेल्या गवतात जमिनीलगत मारलेला चेंडू अडतो, ओल्या खेळपट्टीवर पहिली वीस मिनिटे जपून खेळावी लागतात आणि तीस धावांचेही मोल असते, हे मुंबईच्या फलंदाजाला या लीगने शिकवले.

खेळपट्टीची अट की खेळाची?

गटांची शिडी आणि क्लबांच्या पात्रतेचे निकष हा प्रश्न जगभर चर्चेत आहे. स्कॉटलंडमधील फुटबॉल हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे चार श्रेणींत ४२ व्यावसायिक क्लब आहेत. दीर्घकाळ सर्वांत खालच्या श्रेणीतील अखेरच्या संघालाही बाहेर जाण्याची भीती नव्हती आणि बाहेरच्या क्लबांना आत येण्याची हक्काची वाट नव्हती. २०१४-१५ च्या मोसमापासून हायलँड आणि लोलँड लीगच्या विजेत्यांसाठी पात्रता सामन्यांद्वारे ही वाट खुली झाली आणि २०१६ मध्ये एडिनबरा सिटी या क्लबने ईस्ट स्टर्लिंगशायरची जागा घेतली. परंतु बढतीसाठी केवळ विजय पुरेसा नाही. मैदान, सुविधा आणि कारभार यांविषयीच्या अटी पूर्ण करून राष्ट्रीय संघटनेचा परवाना मिळवावा लागतो. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्या हितासाठी अशा अटी आवश्यक असतात; मात्र गरीब क्लबांना त्या भिंतीसारख्या वाटू शकतात.

कांगा लीगने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या पद्धतीने दिले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क, माटुंगा येथील सार्वजनिक मैदानांवर अनेक सामने एकाच वेळी होतात. एका सामन्याचा सीमारक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. स्वतःचे स्टेडियम नसलेला क्लबही त्यामुळे लीगमध्ये टिकतो. तंबू, एक खेळपट्टी आणि मैदानाची निगा राखणारा माळी एवढ्या भांडवलावर क्लब उभा राहू शकतो. अर्थात या व्यवस्थेची दुखरी बाजूही आहे. मैदान सार्वजनिक असल्याने ते कधीही आकसू शकते. मेट्रो-३ च्या कामासाठी आझाद मैदानाचा काही भाग अडवला गेला, तेव्हा छोट्या क्लबांना त्याची झळ बसली.

निवृत्तीनंतरही मर्चंट यांनी तळाकडे लक्ष ठेवले. निवड समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी १९६९-७० च्या मोसमात तरुणांना संधी देण्याचे धोरण अंगीकारले. गुंडप्पा विश्वनाथ, एकनाथ सोलकर, चेतन चौहान, अशोक मंकड, मोहिंदर अमरनाथ ही नावे त्याच काळात भारतीय संघात आली. सोलकर हे हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कामगाराचे चिरंजीव. १९७१ च्या प्रारंभी कर्णधारपदाच्या निवडीत मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर यांच्या पारड्यात मर्चंट यांचे निर्णायक मत पडले. त्यावर मोठे वादळ उठले. त्याच वर्षी वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या आणि वाद मागे पडला.

गिरणीमालक, मुंबईचे नगरपाल, आकाशवाणीच्या विविध भारतीवरून रविवारी क्रिकेटवर बोलणारा परिचित आवाज अशी त्यांची अनेक रूपे होती. अंध आणि अपंग व्यक्तींना रोजगार मिळावा यासाठी त्यांनी अनेक वर्षे काम केले. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी, भारतीय उपखंडात विश्वचषक स्पर्धा रंगात आली असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले. १६ वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव आहे.

हे नाव मराठवाड्यातील मुलांनाही परके नाही. मर्चंट रणजी स्पर्धेत धावांच्या राशी रचत होते, तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आज मराठवाड्याचे क्रिकेट पुण्यातील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येते आणि विजय मर्चंट करंडकात खेळणाऱ्या महाराष्ट्राच्या संघात स्थान मिळवणे हे येथील शाळकरी खेळाडूंचे स्वप्न असते. मात्र त्या स्वप्नापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या मुंबईइतक्या जवळ नाहीत. तालुक्याच्या गावांत उन्हाळ्यात रंगतात त्या प्रामुख्याने टेनिस चेंडूच्या, रोख बक्षिसांच्या, बाद पद्धतीच्या स्पर्धा. गर्दी जमते, षटकार गाजतात आणि अंतिम सामन्यानंतर मैदान पुन्हा ओस पडते. हरलेल्या संघाला पुढच्या रविवारी कोठे खेळायचे हे ठाऊक नसते.

जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी अशा गावांतील संघांची गटवार साखळी, वर जाण्याची व खाली येण्याची स्पष्ट तरतूद आणि सार्वजनिक मैदानावर एखादी राखलेली खेळपट्टी एवढ्याने मर्चंट यांच्या कल्पनेचा गाभा येथेही रुजू शकतो. त्यासाठी स्टेडियमची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. कांगा लीगही स्टेडियमवर उभी राहिलेली नव्हती. विक्रम पुढच्या पिढ्या मोडतात. मर्चंट यांच्या नाबाद ३५९ धावांचा विक्रमही काही वर्षांतच मागे पडला. त्यांनी सुचवलेली शिडी मात्र पाऊणशे वर्षांनंतरही उभी आहे आणि तिच्या सर्वांत खालच्या पायरीवर दरवर्षी कोणीतरी नवा मुलगा ओल्या बुटांनिशी पाय ठेवतो.