बढती नाकारलेला मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावातल्या किर्लोस्कर रोडवरून आपण कितीदा तरी गेलो असू. खरेदी करतो, चहा पितो आणि घरी येतो. पण ज्या घराण्याचे नाव त्या रस्त्याला आहे, त्यातला कर्ता पुरुष आपल्याच जिल्ह्यातला, हे नव्या पिढीला सांगावे लागते. म्हणून हा छोटा परिचय.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी गुर्लहोसूर येथे झाला. शाळेत मन रमेना, हात मात्र चित्रात आणि यंत्रात रमत. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथे कळले, तेव्हा रंग सोडून त्यांनी यांत्रिक रेखाटन धरले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. मुंबईत सायकली घेऊन त्या बेळगावला थोरले बंधू रामूअण्णांकडे पाठवायच्या, असा जोडधंदाही त्यांनी 1888 मध्ये सुरू केला.

संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

आम्ही बँकेत उभी हयात घालवलेली माणसे. बढतीची यादी लागायची त्या दिवशीचे चेहरे आम्हाला आठवतात. कारण न सांगता नाव गाळले गेले की चांगला माणूसही दुसऱ्या दिवसापासून घड्याळाकडे बघून काम करू लागतो. आमच्यातल्या काहींनी तेच केले, हे कबूल करायला हवे. लक्ष्मणरावांनी तो अपमान उगाळला नाही. स्वतः मालक झाल्यावर मात्र माणसे निवडण्याची त्यांची रीत निराळी होती.

बेळगावात त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर खपायला दोन वर्षे लागली. धंदा जरा सावरतो तोच नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितले. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल स्टेशनजवळ 32 एकर माळ आणि 10,000 रुपये कर्जाऊ दिले. निवडुंग आणि नागसापांचा तो माळ. 1910 मध्ये 25 कामगार आपापली बायकामुले घेऊन तिथे गेले. पाणी नाही, वस्ती नाही, तरीही गेले. नुसत्या पगारासाठी कोणी असे बिऱ्हाड हलवत नाही.

किर्लोस्करवाडीत माणसाचा कागद पाहण्याआधी त्याचा हात पाहिला जाई. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनियर झाले. कारकुनी आणि हिशेब मंगेशराव रेगे पाहू लागले. शंभूराव जांभेकरांकडे यंत्रांचे काम आले, के. के. कुलकर्णींकडे व्यवस्थापन. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी केली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम होता. आणि रखवालीला कोण? दरोड्याची शिक्षा भोगलेली माणसे! गावाने ज्यांच्यावर पाळत ठेवली, त्यांच्या भरवशावर लक्ष्मणरावांनी कारखाना सोपवला. त्यांनीही तो विश्वास राखला.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. तोवर माळावरची वाडी मोठे उद्योगनगर झाली होती.

आम्हाला नोकरीत असताना कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवण्याचे वर्ग असत. त्यात पगारवाढ, बक्षिसे, भत्ते यांचे तक्ते दाखवत. पगार हवाच, त्याच्यावर चूल पेटते. पण माणूस मन लावून काम करतो तो आपल्यावर काहीतरी सोपवले आहे असे वाटल्यावर. आपल्या भागात आज कुणाचे दुकान आहे, कुणाची फौंड्री, कुणाचा तंबाखूचा व्यापार. चार माणसे हाताखाली असलेल्या प्रत्येकाने एकदा आठवून पाहावे, आपल्याकडे कुणाचे नाव यादीतून गळले आहे का. असेल तर निदान त्याला बोलावून कारण तरी सांगावे. बेळगावने एक लक्ष्मणराव जाऊ दिला, तेवढे पुरे.