मंडालेचे पथ्य

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघालात की पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी मागे टाकून तुम्ही निगडीला येता. तेथे टिळक चौक आहे. ज्यांच्या नावाचा हा चौक, त्या लोकमान्य टिळकांचा इंग्रज सरकारशी झालेला लढा तुम्ही इतिहासात वाचला असेल. पण त्यांचा दुसरा एक लढा त्यांच्या स्वतःच्या शरीरात चालू होता. त्याची हकिकत फार थोड्यांना ठाऊक असते.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी झाला. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. कॉलेजात गेल्यावर त्यांनी पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा व्यायामालाच अधिक दिले. तालीम आणि पोहणे यांनी शरीर चांगले कमावले. तरीही पुढे मोठेपणी त्यांना मधुमेह जडला. उर्दूत आपण याला ज़ियाबीतस म्हणतो.

हा रोग समजून घ्यायचा तर ग्रंथी म्हणजे काय, हे आधी पाहू. आपल्या शरीरात काही गुदूद असे आहेत, की त्यांना नळी नसते. ते आपला रस सरळ रक्तात सोडतात. या रसाला संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतात. निरोप्या जसा घरोघर निरोप पोहोचवतो, तसे संप्रेरक रक्तातून दूरच्या अवयवांना काम सांगते. जठराच्या मागे स्वादुपिंड असते. उर्दूत त्याला लबलबा म्हणतात. त्याचा पाचक रस नळीने आतड्यात जातो, पण त्यातील पेशींचे बारीक पुंजके इन्सुलिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. रक्तातील साखर पेशींनी आत घ्यावी, हा निरोप इन्सुलिन देते. इन्सुलिन तयारच झाले नाही, किंवा पेशी त्याचे ऐकेनाशा झाल्या, तर साखर रक्तात साचते आणि लघवीवाटे बाहेर पडते. रोग्याला सारखी तहान लागते, थकवा येतो. पहिला प्रकार बहुधा लहान वयात होतो, दुसरा बहुधा मोठेपणी.

कुत्र्याचे स्वादुपिंड काढले तर त्याला मधुमेह होतो, हे १८८९ मध्येच जर्मन संशोधकांनी दाखवले होते. म्हणजे रोगाचे मूळ कोठे आहे, ते कळले होते. औषध मात्र कोणाजवळ नव्हते. रोग्याच्या हाती पथ्य तेवढे होते.

२२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या न्यायालयाने टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्याच दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. पुढे ती शिक्षा साध्या कैदेत बदलून सरकारने त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ठेवले. लाकडी खोली, उन्हाळ्यात कडक ऊन, हिवाळ्यात थंडी. अशा ठिकाणी निरोगी माणूसही खचेल. मधुमेहामुळे टिळकांना नेहमीचे जेवणही चालणारे नव्हते. त्यांनी भात आणि गहू दूर ठेवून सातूच्या, म्हणजे जवाच्या पिठावर बराच काळ काढला. रोज तेच जेवण! तुम्ही आठवडाभर तरी करून पाहाल का?

याच तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ हा मोठा ग्रंथ लिहिला. जर्मन आणि फ्रेंच भाषांचा अभ्यासही केला. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्याची बातमी तेथेच आली. जून १९१४ मध्ये ते सुटून पुण्याला परतले. वयाची साठी जवळ आली होती आणि रोग बरा झालेला नव्हता, तरी ते स्वस्थ बसले नाहीत. १९१६ मध्ये लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात करार झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९१८ मध्ये ते विलायतेलाही गेले.

जुलै १९२० मध्ये मुंबईत त्यांना ताप आला. त्यातून न्यूमोनिया झाला. मधुमेही शरीराला अशा दुखण्याशी झुंजणे अधिक जड जाते. १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचले. तो साधारण तुमच्याच वयाचा होता आणि मधुमेहाने अगदी हाडांचा सापळा झाला होता. तो त्यानंतर तेरा वर्षे जगला.